ओहोटीचं विचारायचं राहिलं

आई, आज सकाळी मी फ्रिजचं दार उघडून नुसतीच उभी राहिले. काही घ्यायचं नव्हतं. मानेपासून एकदम जाळ वर चढला, कपाळावर घाम, छातीत धडधड, आणि पोळी तव्यावर. लेक मागून म्हणाली, "काय शोधतेयस गं?" आणि मला आपलं नेरूळचं स्वयंपाकघर आठवलं. तूही अशीच उभी असायचीस आणि बाबा पेपराआडून म्हणायचे, "सापडलं का तुझं कोकण फ्रिजमध्ये?" आम्ही हसायचो. पदराने मान पुसत तूही हसायचीस. पाळी जायचं वय आहे, एवढंसुद्धा तेव्हा घरात कोणी उच्चारत नसे. आईचं डोकं तापलंय म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. खाडीवरचा प्रोजेक्ट होता आणि आमच्या मॅडमना प्रत्येक शब्दाचं मूळ पाठ लागायचं. ओट्याला टेकून मी घोकत होते : एस्चुअरी म्हणजे खाडी, मूळ शब्द एस्टस, लॅटिन. उष्णता. उकळी. समुद्राची भरती. मनाची खळबळ, तगमग, आवेग. आमटी ढवळता ढवळता तू थांबलीस. "एवढं सगळं एका शब्दात?" म्हटलं, हो. "मेल्यांनी माझीच कुंडली मांडलीय गो!" आणि मग जरा हळू, "ओहोटीला काय म्हणतात त्यांच्यात?" मी पुस्तकात बघितलं, तेवढं दिलेलं नव्हतं. "बघून सांगते," म्हटलं.

त्याच आठवड्यात, ऐन मे महिन्यात, रविवारी भिंतीवरचं कॅलेंडर बघून तू म्हणालीस, "आज पुनव. बाराच्या सुमाराला भरती." खाडीकाठच्या गावातली तू, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊनही तुझं घड्याळ तिथीवरच चालायचं. बाबा ओरडले, "या उन्हात? वेड लागलंय का?" तू छत्री घेतलीस आणि माझा हात धरून निघालीस. करावे गावाच्या अंगाने आपण चालत बांधावर गेलो. पाणी तिवरांच्या मुळांत चढतंय, त्याच्याबरोबर वारा येतोय, आणि तू चपला काढून, साडी पोटऱ्यांपर्यंत धरून चिखलात उभी आहेस. चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले. "लग्नाच्या आदल्या दिवशी मला अस्संच झालं होतं," म्हणतेस. "तेव्हा सगळ्या म्हणाल्या, आनंदाने होतंय. आता म्हणतात, वयाने. मला तर आतून तेच वाटतं." आणि रडायलाच लागलीस. मी नुसती तुझ्यावर छत्री धरून राहिले. मग तूच डोळे पुसलेस. "जातं गो हे. भरती काय कायमची असते? गेलं की तुला सांगेन. तुझ्या वेळेला उपयोगी पडेल."

नाही सांगितलंस. पावसाळा सरता सरता काविळीचं निमित्त झालं आणि तू गेलीस, एकावन्नाव्या वर्षी, त्या भरतीतच. आता मी तुझ्याहून मोठी आहे आणि खरं सांगू, याचा मला भयंकर राग येतो. सोलकढीत आगळ किती घालायचं, कोणाच्या तोंडाला लागायचं नाही, सगळं शिकवलंस. नेमकं हेच अर्धवट टाकलंस. खारघरला चौदाव्या मजल्यावर राहते मी. एसी आहे, गोळ्या आहेत, मैत्रिणी या विषयावर मोठमोठ्याने बोलतात. गॅलरीतून खाडी दिसत नाही, मध्ये टॉवर आहेत. मला मेलं यातलं काहीच नको. समोर बसून तू एकदा "हो गो, गेलं" म्हणायला हवी होतीस.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, तेव्हा एक कबूल करते. परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्या आईचं हे कधी थांबलं होतं?" लेक शेजारीच बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हटलं, "बावन्नाव्या वर्षी. मग अगदी शांत झाली होती. तिनेच सांगितलं मला."