पळालेला पेशंट

पाटण

प्रिय अर्फा,

उशी मिळाली असेल. एस.टी.च्या पार्सलनं लेकीला उशी पाठवणारा बाप तुझ्या हॉस्टेलमधल्या मुलींना गमतीचा वाटेल, वाटू दे. अभ्रा काढशील तेव्हाच हे पत्र हाताला लागेल आणि तेव्हा तू खोलीतच असशील, एवढाच माझा बेत. फोनवर मी हे सांगायला बऱ्याचदा सुरुवात केली. "त्या दिवशी सांगलीला…" इतकं बोललो की तू म्हणतेस, "असू द्या अब्बा, झालं ते झालं." मला तेवढंच हवं असतं. मी लगेच मेसमध्ये भाजी कसली होती ते विचारायला लागतो. कागदाला तुला असं मधेच थांबवता येणार नाही, म्हणून आज दुकान लवकर बंद करून लिहायला बसलो आहे.

तुझ्या खोलीतल्या सुमैराचा अम्मीला फोन आला होता. तू पुढच्या महिन्यातल्या फेरपरीक्षेला बसणार नाहीस, असं ती म्हणाली. इंजेक्शनची सुई हातात घेतलीस की तुझा हात जागच्या जागी थांबतो आणि मग तू ती दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन बाहेर जातेस, हेही तिनं सांगितलं. अम्मीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून गादीला टाके घालत राहिलो. तारिकचाचा तिथंच चहा पीत होता. तो नेहमीसारखं म्हणाला, "डॉक्टरीणबाईंचं हात थरथरलं, दुसरं काय. पोरीची जात, भ्याली." हे वाक्य त्यानं गेल्या सहा महिन्यांत दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं असेल. मी ते प्रत्येक वेळी ऐकलं, आणि एकदाही म्हणालो नाही की भ्यालं ते वेगळंच माणूस होतं.

खरं काय झालं ते तू कुणालाच सांगितलं नाहीस, याचं मला आधी नवल वाटलं, मग बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची आता लाज वाटते. सर्जरीच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकानं आपापला पेशंट आणायचा असतो, हे मला तूच शिकवलंस. तू ठरवलेले जतचे आजोबा आदल्या दिवशी यायचं नाही म्हणाले आणि तू घाईनं मला फोन केलास. माझी खालची उजवीकडची दाढ तू सुट्टीत बघून ठेवली होतीस. ती वाचणार नाही, काढावीच लागेल, हे तू तेव्हाच सांगितलं होतंस आणि मी "बघू, उन्हाळ्यात बघू" म्हणून टाळलं होतं. पण त्या दिवशी फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "अगं, बाप कशाला हाय मग?" रात्री जेवताना अम्मीला, चाचाला, समोरच्या सायकलवाल्याला, सगळ्यांना सांगून झालं की उद्या माझी लेक माझी दाढ काढणार.

पहाटेच्या गाडीत मात्र तो तोरा उरला नाही. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, तशी माझी जीभ त्या दाढेवरून सारखी फिरत होती. कॉलेजच्या दारात तू पांढरा कोट घालून उभी होतीस. किती छान दिसत होतीस, हे मी तेव्हा बोललोच नाही. तू मला खुर्चीवर बसवलंस, गळ्यात तो निळा कागद अडकवलास, मान नीट ठेवलीस. मी खुर्चीच्या रेक्झिनला हात लावून बघत होतो, आतला फोम बसला आहे का ते. दुसरं कशाकडे बघायचीच माझी तयारी नव्हती. तू इंजेक्शन दिलंस आणि परीक्षकांना बोलवायला आत गेलीस. जाताना म्हणालीस, "ओठ जड झाला की समजायचं काम झालं. घाबरू नका, मी आलेच."

ओठ जड झाला. मग जीभ. मग अर्धा चेहराच कुणी काढून नेल्यासारखं वाटायला लागलं. शेजारच्या खुर्चीवरची बाई कण्हत होती आणि तिच्यावर वाकलेल्या विद्यार्थ्याला घाबरून बोलताही येत नव्हतं. मी शेजारून जाणाऱ्या एका मुलीला "थांबा" म्हणायला गेलो, तर तोंडातून नुसती लाळ आली. शब्दच फुटेना. आता यांनी काहीही केलं तरी आपल्याला नको म्हणता येणार नाही, एवढंच डोक्यात आलं. त्यानंतर मी कसा उठलो, कुठल्या जिन्यानं उतरलो, मला सांगता येणार नाही. तू आणि ते बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीजवळ आलात तेव्हा मी रिक्षात होतो.

स्टँडवर लागलेल्या गाडीत चढलो. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, तर मला 'कराड' म्हणता येईना. 'क' निघे, पुढं सगळं ओघळून जाई. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "आवं काका, दुपारीच घेतली व्हय?" आयुष्यात ज्यानं कधी थेंब तोंडाला लावला नाही त्याच्या शेजारची बाई पदर नाकाला लावून उठून गेली. गळ्यातला निळा कागद तसाच होता. तो मी पेठ नाक्याच्या पुढं गेल्यावर काढला आणि खिशात कोंबला. फोन बंद करून ठेवला होता, तू शोधत असशील हे माहीत होतं म्हणूनच.

संध्याकाळी फोन चालू केला आणि लगेच तुझाच आला. तू रागावशील म्हणून मी तयारीत होतो. तू काय विचारलंस, आठवतंय का? "अब्बा, पोचलात ना? काही खाल्लं नाही ना? बधिर असताना खाऊ नका, गाल चावला जाईल." मग हळू आवाजात म्हणालीस, "तुमाला लय दुखलं असंल. माझाच हात चुकला." आणि मी, तुझा बाप, गप्प बसलो. 'व्हय' म्हणालो नाही, 'न्हाई'ही म्हणालो नाही. दुखलं म्हणून उठला, हे भ्याला म्हणून पळाला यापेक्षा बरं दिसतं ना. तू मला एक वाट काढून दिलीस आणि मी निमूट त्या वाटेनं चालायला लागलो. पळालो त्याची लाज आहेच, पण त्या फोनवरच्या गप्प बसण्याची मला जास्त लाज वाटते. खुर्चीवरून पाय पळाले होते. फोनवर मी चांगला शुद्धीवर होतो.

आता तू विचारशील, अब्बा, एवढं काय आहे त्या खुर्चीत? मलाही माहीत नव्हतं. हातात दाभण घुसला आहे, पिंजायच्या मशीनमध्ये बोट आलं आहे, मी कधी ओरडलो नाही. म्हणून साताऱ्याला दातांच्या एका डॉक्टरांकडे गेलो. रेक्झिन आणायला जातो असं घरी सांगून. डॉक्टर मल्हार म्हणून आहेत, माझ्याच वयाचे, केस सगळे पिकलेले. पहिल्या दिवशी मी दारातूनच म्हणालो, मी खुर्चीवर बसणार नाही. ते म्हणाले, "नका बसू. या स्टुलावर बसा. भीती दुखण्याची वाटते का आणखी कशाची?" मी दुखण्याची म्हणणार होतो, पण तोंडातून भलतंच आलं. लहानपणचं.

माझे आजोबा, म्हणजे ज्यांनी हे दुकान घातलं ते, पोरांचे दात स्वतःच काढायचे. गादीला टाके घालायचा जाड दोरा दाताला बांधून. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. "नुसतं बघतो, तोंड उघड," म्हणाले. मी उघडलं. दोऱ्याचा फास बसला तेव्हा कळलं की हे बघणं नव्हे. मी थांबा थांबा म्हणत होतो, मावशीनं मागून हात धरले होते आणि सगळे हसत होते. दात निघाल्यावर बत्तासा दिला. फार दुखलं नव्हतं, खरं सांगतो. पण मी थांबा म्हणत होतो आणि कुणी थांबत नव्हतं, ते आत कुठंतरी राहून गेलं. साताऱ्याच्या त्या स्टुलावर बसून हे बोलताना मला रडू आलं. एवढा बाप्या माणूस, पांढरी दाढी, आणि बाहेर पेशंट बसलेले.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "डावा हात मोकळा ठेवा. तो वर केला की मी थांबणार. कारण सांगायची गरज नाही." मला खरं वाटेना. दुसऱ्या खेपेला खुर्चीवर बसलो आणि त्यांनी नुसता आरसा तोंडात घातला, तोच हात वर केला. थांबले. परत सुरू केलं, मी परत हात वर केला, उगीचच, माणूस खरा आहे का बघायला. तरी थांबले, आणि चेहऱ्यावर आठी नाही. मी चांगला त्रास दिला त्यांना. त्यांच्या खुर्चीची डोक्याखालची शिवण उसवली होती, ती मला सारखी टोचत होती. तिसऱ्या खेपेला दाभण-दोरा घेऊन गेलो आणि ती शिवून दिली. आत फोमही थोडा घातला. तुला हसू येईल, पण ज्या खुर्चीला आपण टाके घातले तिची भीती निम्मी होते. आता एक दाढ भरून झाली, दात साफ करून झाले. भीती गेली असं म्हणत नाही. जिना चढताना अजून मधेच थांबतो. पण चढतो.

परवा जेवताना घरी सगळं सांगितलं. तारिकनं "डॉक्टरीणबाई" म्हणून सुरुवात केली आणि मी म्हणालो, तिचा हात थरथरला नाही, तिचा पेशंट पळाला, आणि तो पेशंट तुझ्या पुढ्यात भाकरी मोडतोय. तारिक आधी खो खो हसला. मग कुणीच हसत नाही बघून उठला आणि नळावर जाऊन उगीच हात धूत बसला. अम्मी उठली, आतल्या खोलीत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवते आणि जाते. तिचं बरोबर आहे. सहा महिने तिनं नमाजनंतर तुझ्या हातासाठी दुआ मागितली आणि तुझ्या हाताला काही झालंच नव्हतं, हे मला माहीत होतं.

हे सगळं माफीसाठी लिहिलं नाही, अर्फा. माफ तू मला त्या संध्याकाळीच केलंस, तेच तर अवघड झालं. लिहिलं ते यासाठी. साताऱ्याला डॉक्टरांनी मला इंजेक्शन दिलं, खालीच, डाव्या बाजूला. वीस-पंचवीस वर्षं हेच काम करणारा माणूस. सुई गेली तसा मी खुर्चीत उडालो, डोळ्यांत पाणी आलं. पळालो मात्र नाही. आणि तेव्हा मला एकदम आठवलं की सांगलीत असं काहीच झालं नव्हतं. तू गाल धरला होतास, कुठल्यातरी आंब्याच्या लोणच्याबद्दल विचारत होतीस, आणि मी तुला म्हणालो होतो, "टोचायची तेवढी टोच की लवकर." तू म्हणालीस, "टोचून झालं, अब्बा." मला कळलंच नव्हतं. मी जन्मभर सुईचं काम केलंय, कुणाचा हात हलका आणि कुणाचा जड हे मी कापडावरून ओळखतो. तुझा हात त्या डॉक्टरांपेक्षा हलका आहे. हे जगात फक्त मला ठाऊक आहे, आणि मीच तोंड मिटून बसलो. तू सुई हातात घेऊन थांबतेस ती माझ्या त्या गप्प बसण्यामुळं. ती उजवीकडची दाढ अजून आहे. परवा डॉक्टर म्हणाले, आता ही एवढीच राहिली, आजच काढून टाकू. मी म्हणालो, काही धोका नसेल तर महिनाभर राहू द्या. त्यांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि का म्हणून विचारलं. मी म्हणालो, ही माझ्या लेकीची आहे. तू बस परीक्षेला. मी आदल्या दिवशीच सांगलीला येऊन राहतो.

तुझाच,
अब्बा