घडाघडा वाचणारी पोरगी

४ ऑगस्ट
साहेबांना घोषवाक्य पसंत — 'तिसरीतलं प्रत्येक मूल सलग वाचणारच!' सरकारी शाळांची ही अख्खी मोहीम माझ्या गळ्यात. रेडिओवरच्या जाहिरातीसाठी शाळेच्या बाईंनी तिसरीतली एक पोरगी आणली. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. काय घडाघडा वाचते! ऐकतच राहिले.

५ ऑगस्ट
स्टुडिओत घोळ. उताऱ्यातलं माकड साहेबांना ऐनवेळी खटकलं. "शिक्षण खात्याचं माकड — लोक हसतील!" माकडाचा ससा करून नवा कागद पोरीच्या हातात दिला. कागदावर डोळे ठेवून ती म्हणते, माकड! पुन्हा सांगितलं. पुन्हा माकडच! साहेब म्हणाले, "राहू दे, आवाज गोड आहे."

बाईंना बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, "घोकून घेतलंय. तुम्हीच म्हणालात ना, अडखळायला नको?" मी म्हणाले होते खरी!

८ ऑगस्ट
साहेबांना सगळं सांगितलं. "जाहिरात आहे, परीक्षा नाही. उद्घाटन तोंडावर आलंय, गप्प बसा." बसले. नवरा म्हणतो, "तुझी नोकरी, तुझं माकड." एरवी हसले असते.

पोरीची आई तर हरखून गेलीय, गल्लीभर सांगत सुटलीय. उद्या कुणी दुसरं पुस्तक हातात दिलं तर शोभा त्या लेकराची होणार. आमचं काय जातंय!

९ ऑगस्ट
पोस्टर छापून आली, खाली आमच्या ऑफिसचा फोन नंबर. झकास दिसतेय पोरगी. जेवण गेलं नाही.

१२ ऑगस्ट
उद्घाटन, रेडिओवर थेट. पोरगी मंचावर, वाचून दाखवायला. पाहुणे भलतेच हौशी! ठरलेला कागद बाजूला सारून स्वतःच्या पिशवीतून गोष्टींचं पुस्तक काढलं. "बाळ, यातलं कुठलंही पान वाच." मी उठायला गेले, साहेबांनी डोळे वटारले, मुकाट बसले. लाज वाटते माझी मला.

पोरीने पान उलटलं, पुन्हा उलटलं. मग माइकमध्ये सरळ सांगून टाकलं, "हे पाठ नाही मला."

तेव्हा कुठे मी उठले. तिला खाली आणलं. "चुकलं का माझं?" म्हणाली. "नाही गं बाळा, आमचं चुकलं." साहेब जाता जाता एवढंच म्हणाले, "उद्या केबिनमध्ये या."

१३ ऑगस्ट
केबिनमध्ये जायला फुरसतच नाही! पोस्टरवरच्या नंबरचा फोन सकाळपासून खणखणतोय. वाटलं, शिव्याच पडणार. पहिलाच एक बाप — "काल ते ऐकून आमच्या पोराला न शिकवलेलं पान दिलं. त्यालाही सगळं पाठच येतं हो! आता काय करायचं, सांगा." पुढचा फोन उचलला. तेच.