डावीकडचा बाण

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. या नावाने तुला अकरा वर्षांनी हाक मारतेय. तुझ्या उंचीवरून दुसऱ्या कुणी चिडवलं की मी त्याच्याशी भांडायचे, आणि स्वतः मात्र दिवसभर ठमी ठमी करायचे. तो हक्क आता उरलाय का, मला ठाऊक नाही.

नोकरी सोडून मला तीन वर्षं झाली. आता एका शाळेत दुसरीच्या मुलांना कोडिंग शिकवते. हसू नकोस, वर्गात कॉम्प्युटर नाहीच. बाकं भिंतीला सरकवायची, फरशीवर खडूने चौकोन आखायचे. एका मुलाने रोबो व्हायचं आणि दोघांनी मिळून पुठ्ठ्याचे बाण ओळीने मांडायचे. पुढे, डावीकडे, उजवीकडे. रोबोने बाण सांगेल तेवढंच करायचं, आपली अक्कल चालवायची नाही. तो दाराऐवजी कपाटावर जाऊन धडकला की वर्गात नुसता धुमाकूळ.

सुरुवातीला चुकलं की मुलं सगळेच बाण गोळा करून टाकायची. काही मुसमुसायची. मग मी सांगितलं, काही उचलायचं नाही. पहिल्या बाणावर बोट ठेवायचं, रोबोने एक पाऊल टाकायचं आणि थांबायचं. मग दुसरा बाण, दुसरं पाऊल. जिथे पहिल्यांदा वाट चुकते तिथे कपड्यांचा चिमटा लावायचा, तेवढाच बाण बदलायचा आणि पुन्हा चालवून बघायचं. आपण दोघी ऑफिसात करायचो तसंच गं. तू पडद्यावर बोट ठेवून प्रोग्रामच्या ओळी वाचायचीस, मी कागदावर आकडे मांडायचे. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मी एक नियमही लिहिलाय : चूक कुठे आहे ते शोधायचं, कोणाची आहे ते विचारायचं नाही. मुख्याध्यापिकाबाईंना तो इतका आवडला की पालकसभेत त्यांनी वाचून दाखवला. मी मान खाली घालून ऐकला.

आपल्या ऑफिसात असा नियम नव्हता. रक्त-लघवी तपासणाऱ्या त्या लॅबसाठी आपण केलेल्या प्रोग्राममध्ये एकाच आडनावाचे, एकाच जन्मतारखेचे दोन पेशंट आले की एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जात होता. एका गृहस्थांच्या पायातल्या संसर्गाचा रिपोर्ट असाच भलत्याच घरी गेला. औषध बदलायला उशीर झाला आणि त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. साहेबांनी नोंदी काढल्या. प्रोग्राममधल्या ज्या ओळीमुळे हे झालं, ती तुझ्या मशिनवरून, तुझ्या नावाने बदललेली निघाली. तू म्हणालीस, "सर, मला खरंच आठवत नाहीये हे लिहिलेलं." साहेब म्हणाले, "तुम्हाला आठवत नसेल, इथे तारीख-वेळेसकट आहे." चार वाजेपर्यंत तुझं टेबल रिकामं झालं. मी शेजारच्या खुर्चीत होते.

दोन महिन्यांपूर्वी तुझी धाकटी बहीण औषधांच्या दुकानात भेटली. मी विचारायच्या आधीच सांगू लागली, "ताई कशालाच हात लावत नाही आता. माझ्या लेकीची बेरीज-वजाबाकीसुद्धा तपासत नाही. म्हणते, माझ्यावर नको सोडूस, माझ्यामुळे एका माणसाचा पाय गेलाय." मी मान हलवली, गोळ्या घेतल्या आणि घरी आले. एवढंच केलं मी.

गेल्या मंगळवारी वर्गात दोन मुलींनी बाण मांडले होते. रोबो झालेला मुलगा थेट कचऱ्याच्या डब्यावर गेला. सगळा वर्ग त्यांतल्या एकीकडे बोट दाखवून ओरडला, "हिनेच केलं असणार!" तिचं नेहमी काहीतरी चुकतं, म्हणून. तीही हळूच म्हणाली, "हो, मीच केलं असेल." मी फळ्यावरच्या नियमाकडे बोट दाखवलं. सगळ्यांची बोटं खाली आली. मला वाटलं, छान निभावलं. तेवढ्यात दुसरी उठली. वर्गात तिला चिमणी म्हणतात. म्हणाली, "पण बाई, तिचं नाव तर सगळ्यांनी घेतलंय ना. मग आता सांगायला पाहिजे. तो डावीकडचा बाण मी लावलाय." तिने स्वतःच चिमटा लावला, बाण बदलला आणि रोबोला पुन्हा चालवलं. पुढचा तास मला घेता आला नाही. तब्येतीचं कारण सांगून घरी आले.

ठमे, ते प्रकरण निघायच्या महिनाभर आधी माझं मशिन दोन दिवस बंद होतं. तू जेवायला गेली होतीस आणि तुझं चालूच होतं. तुझ्या खुर्चीत बसून ती ओळ मी बदलली आणि एकदाही न तपासता उठले. साहेबांनी ती वाचून दाखवली त्याच क्षणी मी ओळखली. त्या संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस, दारातच उभी राहिलीस, म्हणालीस, "तुला काही आठवतंय का गं? मी खरंच लिहिलं असेन का?" मी म्हणाले, "घाईत होतं असं कधीकधी." हे सगळं जसंच्या तसं लिहून काल साहेबांना आणि त्या गृहस्थांना पाठवलं. सही केलेली प्रत सोबत आहे, ती तू कुणालाही दाखव. मुख्याध्यापिकाबाईंनाही सांगितलंय, वर्ग माझ्याकडे ठेवायचा की नाही ते त्या ठरवतील. तुझी माफी मागायलाही जीभ रेटत नाही. उत्तर पाठवू नकोस वाटलं तर. पण ही प्रत बहिणीला मोठ्याने वाचून दाखवायला सांग आणि समोर बसून ऐक. ती ओळ तू लिहिली नव्हतीस.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
शेजारच्या खुर्चीतली