टँकर विशूनेच पाठवलाय

प्रतापनगर, नागपूर
बुधवार, २० मे २०२६

कार्यकारी अभियंता श्री. विश्वनाथ यांना, म्हणजे आमच्या चि. विशूला, ताराताईचे अनेक आशीर्वाद.

सोमवार, १८ मे रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आपल्या गल्लीचा टँकर गल्लीच्या तोंडाशी आला, त्याने हॉर्न वाजवला आणि एक थेंबही न देता तो मागे वळला. शाळेत सिस्टर अॅग्नेस शिकवायच्या, तक्रारीत तारीख आणि वेळ आधी लिहावी, राग नंतर. तारीख आणि वेळ लिहून झाली.

माझी प्रकृती ठीक आहे. तुझी आणि आमच्या भावजयबाई सुरुचीची उत्तमच असणार, सोमवारी पाहिली. आईबद्दल खाली लिहिते.

पाऊस कमी झाला, धरणात पाणी नाही, हे मलाही कळते. विम्याच्या कचेरीत मी आयुष्यभर लोकांचे दावे तपासले. दैवी आपत्ती कोणती आणि माणसाचा गलथानपणा कोणता, हे मला वेगळे करता येते. हिवाळ्यात तुझ्या खात्याने आपली गल्ली खणून नवा पाइप पुरला. तो पाइप पलीकडे कशालाच जोडलेला नाही, हे खड्डा बुजवल्यावर लक्षात आले. चौकातला जुना पाइप फुटून महिनाभर वाहतो आहे, आणि तोही नेमका ‘चोवीस तास पाणी’ लिहिलेल्या तुमच्या फलकाखाली. त्या फलकाचे तेवढे खरे आहे, तिथे चोवीस तास पाणी असते. ही दैवी आपत्ती नव्हे, विशू. देवाला एवढा मूर्खपणा जमत नाही.

आता टँकर. मी रस्त्यावर धावत गेले. ड्रायव्हर रुपराव ओळखीचा आहे, पारशिवनीकडचा. काच खाली करून म्हणाला, “बाई, मले वरून फोन आला. गाडी बगीच्यात न्या म्हणते.”

“बगीच्याला तहान लागली का?”

“बगीच्याले नाही. सायबाले पूजा कराची हाय.”

“कशाची?”

“पान्याची.”

“मग पाणी कुठे आहे?”

“थेच तं घेऊन जाऊन रायलो न, बाई!”

आणि हसला. त्याला हसू आले याचा मला राग नाही. ज्यांना हसू येत नाही त्यांची मला भीती वाटते.

मी रिक्षा करून त्याच्या मागे गेले. ‘पाणी वाचवा सप्ताहा’चा मंडप दिसला. जलपूजन तलावावर ठरले होते, पण तलावात चिखल उरला. पाहुण्यांनी चिखलात नारळ कसा सोडायचा? म्हणून तुम्ही बगीच्यातल्या कारंज्याचा हौद भरून घेत होता. टँकरचा पाइप फोटोत येऊ नये म्हणून त्यावर लाल गालिचा अंथरला होता. एवढी अक्कल तुझ्या खात्यात आहे, हे पाहून आश्चर्य वाटले. फेटा बांधून तू उभा होतास, शेजारी सुरुची झेंडूच्या फुलांचे तबक घेऊन. आमच्या गल्लीच्या स्वयंपाकाचे, आंघोळीचे आणि संडासाचे पाणी हौदात पडत होते आणि तुम्ही दोघे त्याला हळदकुंकू वाहत होता.

तू मला पाहिलेस. नाही म्हणू नकोस, फेट्याखालचे कान लाल झाले की तू लहानपणापासून सापडतोस. मग तुझा शिपाई आला. “सायेब म्हनून रायले, त्या बाईले सांगा, तक्रार खिडकीवर द्याची. सोमवार ते शुक्रवार.”

सोमवारच होता, विशू. आणि ‘त्या बाई’ कोण, हे शिपायाला ठाऊक नव्हते. तुला होते.

वर्तमानपत्रात मी तुझ्या खात्याविरुद्ध पत्र लिहिले म्हणून तू घरी येणे सोडलेस. भाऊबीजेला साडी ड्रायव्हरच्या हाती पाठवलीस. तेही मी सोसले. पण आई रोज विचारायची, “विशू काहून येत नाही?” तिला काय सांगू? एकदा दारात टँकर उभा होता, तर बोलून गेले, “तो पाण्याच्या कामात आहे गं. हा बघ, टँकर विशूनेच पाठवलाय.” तेव्हापासून प्रत्येक टँकर तूच पाठवू लागलास. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई हॉर्न वाजला की पदर सावरून खिडकीशी बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायची, “माझ्या मुलाचा आहे.”

कूलरमध्ये पाणी घालू नये, अशी नोटीस तुझ्या सहीने गल्लीत लागली आहे. सही एसीत बसून केलेली दिसते, घामाचा डाग नाही. पंचेचाळीस अंशांत कोरडा कूलर नुसत्या झळा फेकतो. म्हणून आईच्या कूलरसाठी मी एक ड्रम राखून ठेवत असे.

सोमवारी मी बगीच्यातून परतले, तर घराला कुलूप. शेजारची पंचफुला पायरीवर बसली होती, डोळे पुसत.

“ताई, मायले दवाखान्यात नेलं वं. माया दीर जितेंद्र घेऊन गेला.”

“कूलर?”

“डरमात पानीच नोयतं. मायनं सकाळीच साऱ्याइले वाटून देल्लं. म्या नाही म्हनून रायली होती, तं मलेच रागावली. म्हने, ने वं, लेकरायचं घर हाय तुयं. माया विशूचा टँकर येऊनच रायला न आता.”

तर असे आहे. खाली लिहिते म्हणाले होते, ते हे. उन्हाचा झटका. दोन दिवस झाले. मी तुला फोन केला नाही, कारण तुझा फोन पाणीपुरवठ्यासारखाच आहे. आता ती शुद्धीवर आहे. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न, “टँकर आला न? विशू स्वतः आला होता का?”

मी हो म्हणाले. येऊन पूजाही करून गेला म्हणाले. एवढेच एक खरे बोलले.

डॉक्टर शनिवारी तिला सोडणार आहेत. अट एकच, खोली दिवसरात्र थंड हवी. तेव्हा शनिवारपासून आपल्या गल्लीला रोज पाणी मिळणार की नाही, याचे उत्तर मला शुक्रवार, २२ मे, सायंकाळी पाचच्या आत लेखी हवे. हो किंवा नाही. फोन नको, फोनवर तू ‘बघतो’ म्हणतोस. खाली तुझी सही हवी, खात्याची नको.

हो आले तर तिला घरी नेईन. नाही आले, किंवा काहीच आले नाही, तर रुग्णवाहिका थेट तुझ्या बंगल्यावर येईल. तुझ्या हिरवळीवर पाणी शिंपडणारे ते चक्र तेव्हा चालू असले, तर मी तिला काहीही समजावून सांगणार नाही. तुझ्यासाठी खोटे बोलण्याचे माझे काम पाच वाजता संपते.

पाच वाजेपर्यंत तुझी ताई,
तारा