बर्फखान्यातली खुर्ची

ती. दादा यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझाच, नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा राग कसा आहे? (दोन्ही हवेवर अवलंबून असतात, असं तुम्हीच मागे कळवलं होतं, म्हणून एकत्र विचारतो.) इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुमची बहीण जरा जास्त सुखरूप आहे, मी जरा कमी. फोनच करणार होतो, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं प्रत्येक वाक्य स्वयंपाकघरातून फिरून येतं, आणि हा विषय तिथे जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. तेव्हा वेळ काढून, शक्यतो वहिनी शेजारी नसताना, पुढचं वाचावं.

तुमचं नाट्यगृह बचाव मंडळ येत्या रविवारी आमच्या बर्फखान्याची पाहणी करायला येणार आणि पाहणी करणाऱ्यांत तुम्हीही असणार, हे मला काल आलेल्या पत्रावरून समजलं. वाचून आनंद झाला आणि लगेच घाम फुटला. आनंद का झाला हे सांगायला नको. घाम का फुटला हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की, बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे. घरोघरी फ्रीज आले आणि त्याचे दिवस भरले. हातभर जाडीच्या भिंती, उंच छप्पर, मधोमध बर्फाच्या लाद्या ठेवायचा दगडी खड्डा. बाहेर अंगाची लाही होत असली तरी आत गारवा. माझा या वास्तूशी संबंध आला तो तुम्ही आमच्या लग्नात स्वतःच्या हाताने करून दिलेल्या खुर्चीमुळे. खुर्ची भक्कम होती यात वाद नाही. (देखणी होती का, हा प्रश्न लग्नाच्या गडबडीत राहून गेला आणि पुढे विचारायची सोय राहिली नाही.) मी सगळी नोकरी तिकिटाच्या खिडकीमागे बसून काढली हे तुम्हाला ठाऊक आहेच. निवृत्त झाल्यावर माणसाने आपल्याला जे येतं ते सोडू नये म्हणतात, त्याप्रमाणे मी तुमच्या खुर्चीत बसलो आणि ते काम मन लावून करू लागलो. एके दिवशी अंघोळ करून येतो तर खुर्ची दाराबाहेर. जागा अडते, खिळा वर आलाय, अशी कारणं सांगण्यात आली. माझ्या मते रोख खुर्चीवर नव्हता. पण मी वाद घातला नाही. बर्फखान्याच्या पहारेकऱ्याला हाताशी धरलं, दोघांनी मिळून खुर्ची रस्त्यापलीकडे नेली, आणि त्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की मी ‘जरा पाय मोकळे करून येतो’ असं सांगून जाऊ लागलो. पाय खरोखरच मोकळे व्हायचे. समोरच्या पिंपावर ठेवले की होतात.

अशी सगळी नीट घडी बसलेली असताना नगरपालिकेने बर्फखाना पाडायची नोटीस लावली. तुमच्या बहिणीने ती वाचली आणि संध्याकाळच्या आत मंडळ स्थापन केलं. तिला इतिहासाचा पुळका आला होता अशातला भाग नाही. तिथे सात मजले उभे राहिले तर आपल्या ओट्यावर उजेड येणार नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते तिने गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर जाऊन सांगितलं. सभासद व्हायला पहिला हात मी वर केला. तिने माझ्याकडे असं कौतुकाने पाहिलं की मला खरं कारण सांगवेना. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे तसं पाहिल्याचं मला आठवत नाही. बरं वाटलं, हे कबूल करतो.

पण गल्लीतल्या मंडळाला विचारतो कोण? नगरपालिकेने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. मग कोणीतरी महासंघाचं नाव सुचवलं. तुम्ही तिथले जुने सभासद, तुम्हाला महासंघ समजावणं म्हणजे सुताराला रंधा दाखवण्यासारखं आहे. पण माझी किती तारांबळ झाली ते कळावं म्हणून लिहितो. कुठे दीपगृह, कुठे गिरणी, कुठे तुमचं नाट्यगृह, अशी जुन्या इमारतींना कवटाळून बसलेली मंडळं एकत्र येऊन एकमेकांना बांबूच्या परांच्या, शिड्या, छपराचे कारागीर आणि भरपूर सल्ले देतात, हे पाहून मी चकित झालो. आम्हाला उमेदवार सभासद करून घेतलं, परांची आली, गळकं छप्पर अर्धं उतरवून झालं. आता गंमत अशी की जोडीला दिलेल्या मंडळाने पाहणी करून ‘ठीक आहे’ म्हटलं की आम्ही पक्के सभासद. नाही म्हटलं तर परांची दुसऱ्या गावाला जाईल आणि अर्ध्या छपराच्या बर्फखान्यासमोर नगरपालिकेचं यंत्र येऊन उभं राहील. आणि ते जोडीचं मंडळ तुमचं निघालं.

महासंघाचा एक नियम आहे, तोच मला भोवला. इमारतीत शिरल्यावर जे जे दिसेल त्याला आधी चिठ्ठी बांधायची. चौकशी पुरी होईपर्यंत तुटकी चप्पलसुद्धा हलवायची नाही. महासंघाकडून एक भिंगवाल्या बाई आल्या. (डोळ्याला भिंग लावल्याशिवाय त्या चहासुद्धा घेत नाहीत.) चिठ्ठ्या बांधत बांधत त्या माझ्या पिंपाशी आल्या, मग खुर्चीशी आल्या. मी दारात उभा होतो. त्यांनी भिंगातून खुर्ची पाहिली आणि म्हणाल्या, अशी खुर्ची आता कोणी करत नाही. (मला म्हणायचं होतं की तेव्हाही कोणी करत नव्हतं. तुमच्याविषयीच्या आदरामुळे गप्प बसलो.) शेजारी तुमची बहीण उभी होती. आता ही ओळखणार, आता माझं दुपारचं सगळं बाहेर येणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. तर तिने खुर्चीकडे एखाद्या परक्या पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाली, ‘कोणाची तरी दिसते.’ दुसऱ्या दिवशी खुर्चीभोवती दोरी होती आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं: बसू नये.

दादा, चेहऱ्यावरची रेषही न हलवता असं बोलायला काळीज लागतं. छपरासाठी, परांचीसाठी तिने एवढी मोठी थाप मारली, हे माझ्या लक्षात आलं. आत काहीतरी अस्सल जुनं सापडायला हवं होतं आणि देवाच्या कृपेने आमची खुर्ची सापडली. तिने तोंड उघडलं नाही, मग मी कोण उघडणार? तेव्हापासून मी त्या खुर्चीला ओळख दाखवलेली नाही.

याचे परिणाम मात्र मला सोसावे लागले. आमच्या मंडळात एक निवृत्त दंतवैद्य आहेत, त्यांना सगळे दातवाले म्हणतात. भिंतीवरचे रंगाचे थर ते आपल्या जुन्या अवजारांनी खरवडतात आणि अधूनमधून भिंतीला ‘दुखतंय का’ विचारतात. त्यांनी खुर्चीचा अभ्यास हाती घेतला. बैठक डावीकडे खचलेली आहे, उजव्या हातावर पेल्याचा गोल वळ आहे, मागची फळी डोक्याच्या तेलाने काळी पडली आहे. यावरून ही कारखान्याच्या व्यवस्थापकाची खुर्ची, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इथवर ठीक होतं. मग त्यांनी भर सभेत त्या व्यवस्थापकाचं स्वभावचित्र रंगवलं. वजनदार, ऐदी, चहाबाज, कामाच्या वेळी झोपणारा, आणि बहुधा याच्याच काळात कारखाना बुडाला असावा. सगळे हसले. तुमची बहीण जरा जास्तच मान डोलवत होती. मी उठून त्या बिचाऱ्या व्यवस्थापकाची बाजू घेतली, की माणूस थकत असेल, घरी त्याला जागा नसेल. दातवाले म्हणाले, भावनेला पुरावा लागतो. पुरावा मी स्वतःच होतो, पण बोलायची चोरी.

आता मला बसायला जागा उरली नाही. घरी खुर्ची नाही, इथे दोरी. बर्फखान्यात नुसतं उभं राहिलेला माणूस दिसला की त्याच्या हातात काहीतरी देतात. मला आधी झाडू मिळाला, मग बादली, मग खरवडणी. पश्चिमेची भिंत मी जवळजवळ एकट्याने खरवडली. पांढऱ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली असा निळा की दातवाले ‘दुखतंय का’ विचारायला विसरले. तो निळा पाहिल्यापासून थोडी चटक लागली हे खरं आहे. पण म्हणून पाठ दुखायची थांबत नाही.

गेल्या आठवड्यात मोह आवरला नाही. दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी दोरीखालून वाकून आत शिरलो आणि बसलो. क्षणभरच बसणार होतो. डोळा लागला. जाग आली तर समोर दीपगृहवाल्या मंडळाचे पाहुणे रांगेत उभे, आणि भिंगवाल्या बाई त्यांना इमारत दाखवत होत्या. काय करावं सुचेना, तेव्हा मी हललोच नाही. एक गृहस्थ जवळ आले, चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाले, ‘पुतळा काय हुबेहूब केलाय!’ तेवढ्यात मागून तुमच्या बहिणीचा आवाज आला. ती पाहुण्यांना शांतपणे म्हणाली, ‘पुढे चला, हा भाग अजून साफ व्हायचाय.’ घरी गेल्यावर ती याबद्दल एक अक्षर बोलली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

असो. मंडळाचं बरं चाललं आहे. गल्लीतली माणसं, जी पूर्वी फक्त पाणी आलं का एवढंच एकमेकांना विचारायची, ती आता चुन्याबद्दल भांडतात. तुमची बहीण परांचीवर चढून छपराच्या कारागिरांशी हुज्जत घालते आणि वरून खाली मला हाक मारते. इतकी वर्षं नोकरीवरून आली की थेट स्वयंपाकाला लागायची, तीच ही, यावर विश्वास बसत नाही. ती इतकी आनंदात मला कधी दिसली नव्हती. म्हणून हा सगळा पत्रप्रपंच. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक द्या.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. : रविवारी दारातून आत आल्यावर डाव्या हाताला दोरी दिसेल. तुमचा स्वभाव मोकळा आणि आवाज त्याहून मोकळा. ‘अरे, ही तर माझी खुर्ची!’ असं तुमच्या तोंडून निघालं की छप्पर गेलं, परांची गेली, आणि तुमच्या बहिणीची सगळ्यांसमोर मान खाली गेली. मला बाकी कशाचं काही नाही, पण तेवढं मला बघवणार नाही. तेव्हा हात जोडून सांगतो, खुर्ची ओळखू नका.

ता. क. दुसरा : तुमच्या माळ्यावर एक घडीची खुर्ची असायची. मंडळाच्या सामानात शिड्यांखाली दडवून आणता आली तर पाहा. खड्ड्याच्या मागे एक कोपरा आहे, तिथे कोणी येत नाही.

दादा, अक्षर ओळखलंस ना? पाकीट टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, भिंतीवर जायची घाई होती. मी फोडलं, वाचलं, आता परत चिकटवते.

भिंगवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी, हे निघून गेल्यावर, खुर्ची उलटी केली. खाली तुझं नाव आणि आमच्या लग्नाची तारीख तू कोरलेली आहेस. ह्यांनी इतक्या वर्षांत कधी वाकून पाहिलं असेल तर ना! त्या म्हणाल्या, घरी घेऊन जा. दोरी मीच बांधायला लावली. महासंघाला भिंती आणि खड्डा हवाय, खुर्चीचं त्यांना काही पडलेलं नाही, त्यामुळे तू छपराची काळजी करू नकोस. निवृत्त झाल्यापासून हे बसले ते बसलेच होते. डॉक्टर म्हणायचे चाला, हे मान हलवायचे, तीसुद्धा बसूनच. मला फार भीती वाटायची रे. तुला कधी बोलले नाही. आता दिवसभर शिडीवर असतात, दोनदा जेवायला वाढायला सांगतात, आणि परवा तो निळा रंग निघाला तेव्हा मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले.

तेव्हा रविवारी ये, पण खुर्ची मुळीच ओळखू नकोस. आणि ती घडीची आणलीस तर माझ्याशी बोलू नकोस.