कपाटातला दोर

पालघर, बुधवार, २ सप्टेंबर १९६४

आज दामा तांडेल पुन्हा कचेरीत आला. खाडीवरची सरकारी होडी तोच चालवतो. होडी बांधायचा दोर कुजलाय, तीन ठिकाणी गाठी मारल्यात, आणि रविवारी अमावास्येचं उधाण. नव्या दोराचा नमुना, चांगला बारा हात लांब, लाखेचं सील मारून माझ्या पाठीमागच्या कपाटात पडलाय. पण वरून मंजुरी आल्याशिवाय खरेदी नाही, आणि आलेला माल नमुन्याशी ताडून पाहीपर्यंत सील फोडायचं नाही.

हा नियम सुचवला कुणी? मीच. गेल्या साली ठेकेदाराने चांगला नमुना दाखवून सडका दोर गळ्यात मारला, तेव्हा तावातावाने टिपण लिहिलं होतं. मग नियम चुकला का? तसंही म्हणवत नाही. थकलोय नुसता.

दामा म्हणाला, "भाऊसाहेब, कपाटातला तो तुकडा तरी द्या. आमी जोडून घेऊ."

"सील फोडता येत नाही रे."

तो कपाटाकडे बघत राहिला. "दोर मजबूत हाय ना?"

"आहे."

"मंग बरं हाय. उधानात कपाट तरी वाहून जानार नाय."