झील कोण धरणार

३० जानेवारी, शुक्रवार

नाही येणार म्हणे! फोंड्याची भजन स्पर्धा बावीस तारखेला, आणि माझी पोटची पोर चहा गाळता गाळता सांगते की त्याच संध्याकाळी तिचा मांद्र्याला किनाऱ्यावरच्या हॉटेलात कार्यक्रम आहे. कसला? तर सोल. आणि फंक. औषधाच्या दुकानात मागावीत अशी नावं!

हे महिला भजनी मंडळ मी उभं केलं. पुढे पेटी घेऊन मी, मागे झील धरायला बाकीच्या, आणि त्यांच्यात माझी ही पोर, सेजल. मी ओळ सोडली की ती उचलते. आठवीत होती तेव्हापासून. तिच्याशिवाय मागे नुसता बाजार भरतो. ती नसली तर फोंड्याला जाऊन आम्ही काय दिवे लावणार?

हे म्हणाले, जाऊ दे, तरुण आहे. ह्यांना काय! ह्यांना सनई आणि कुकरची शिट्टी सारखीच.

२ फेब्रुवारी, सोमवार

वर्षभर सेजल मला फोनवर गाणी पाठवत होती. एकही उघडलं नव्हतं. आज उघडली. नावं ठेवायची तर ऐकून ठेवावीत, म्हणजे समोरच्याला उलट बोलायला जागा राहत नाही.

जेवणं झाल्यावर जनेलाशी वाऱ्याला बसले. पहिली एक लंडनची मुलगी. हत्तीच्या सोंडेसारखं पितळी वाद्य पोटाशी धरून फुंकते. ट्युबा म्हणतात त्याला. काय हौस! त्याला जॅझ म्हणायचं. दुसरा अमेरिकेचा, दाढीवाला. हे सोल. गातो की कण्हतो तेच समजत नाही. तिसरं फंक — एकाच ओळीवर सात मिनिटं! पुढे जायचं नावच नाही. आमच्या परीक्षकांनी घंटा वाजवून खाली उतरवलं असतं.

गजरात आम्हीसुद्धा एक ओळ दहा मिनिटं घोळवतो, पण ते वेगळं. का वेगळं ते उद्या लिहीन.

३ फेब्रुवारी, मंगळवार

वेळ झाला नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

देवळाच्या मंडपात तालीम. सेजल आली नाही. तिच्या जागी अश्विनीला बसवलं. शिरगावची, आमच्या वाड्यावर दिलेली. आवाज आहे, नाही कोण म्हणतो? पण मी ओळ सोडायच्या आधीच उचलते. मागे बसणाऱ्या बाईला घाई कामाची नाही. तिला पुढे बसायची घाई आहे, हे मला कळत नाही की काय! दोनदा टोकलं. गप्प बसली, पण नाक मुरडलंच.

घरी आले तर सेजल खोलीत दार लावून इंग्रजी गाणं घोकत होती. अभंगाला कधी इतकं घोकलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

ट्युबावाली परत ऐकली. खात्री करून घ्यायला.

११ फेब्रुवारी, बुधवार

दाढीवाल्याचे आणखी चार व्हिडिओ बघितले. ह्याच्या मागे तीन बायका उभ्या असतात, काळे कपडे घालून. त्यांचं नाव कुठे म्हणजे कुठेच लिहिलेलं नाही. पण ह्याने सोडलेली ओळ तिघी अशी उचलतात की मधे सुई जायची नाही. खरं गाणं त्यांचंच. आणि हा पुढे डोळे मिटून डोलतोय, सगळी कमाई आपलीच असल्यासारखा! एकदा तरी मागे वळून बघावं? छे. असल्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मांद्र्याला जाऊन आले. आजही तिचं गाणं होतं तिथे. तिला आणायला गेले होते, ऐकायला नव्हे.

किनाऱ्यावरचं ते हॉटेल. लोक अर्धे उघडे, माशाच्या ताटावर तुटून पडलेले, गाण्याकडे पाठ. ढोल बडवायला एक रशियन, गिटारला म्हापशाचा कोणी. आणि मधोमध माझी लेक, उशीच्या अभ्र्यासारखं काहीतरी घालून. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. पोऱ्याने काय हवं विचारलं, म्हटलं माझी मुलगी हवी. तो पाणी ठेवून गेला.

एक गाणं बऱ्यापैकी चाललं होतं. सेजलने ओळ सोडली आणि लोकांपुढे हात केला — म्हणा! कोण म्हणतंय? सगळे चावतायत. मागे झिलेला एकच पोरगी, ती नेमकी पाण्याची बाटली तोंडाला लावून. ओळ तशीच लोंबकळत राहिली.

आणि माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही, सवयीने उघडलं. सुटलेली ओळ पडू द्यायची नसते, एवढंच मला जन्मभर ठाऊक. शब्द इंग्रजी, निम्मे चुकले. पट्टी मात्र बरोबर होती. सगळं हॉटेल वळून माझ्याकडे बघायला लागलं. एका लाल तोंडाच्या माणसाचा काटा हातातच राहिला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण सेजल थांबली नाही. तिने दुसरी ओळ माझ्याकडे टाकली. मी उचलली. मग तिसरी. रशियनाने लय वाढवली, गजराला वाढवतात तश्शी, आणि मी टाळी कधी धरली मलाच कळलं नाही.

नंतर बाहेर तिच्या स्कूटरजवळ मी माझं सगळं सांगून घेतलं. फोंडा, मंडळ, इतकी वर्षं, लोक काय म्हणतील. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आये, आज तू माझो आवाज पयलेखेप समोरसून आयकलंस. बारा वर्सां मी तुझी पाठ बघून गायलंय."

आणि वर विचारते, "बावीस तारखेक माझ्या मागसून एक जागा आसा. येतलंस?"

मी! मागे! त्या अभ्र्याच्या मागे! स्कूटर चालू कर म्हटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तिचा आवाज चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला. मागे बसून तो असा लागत नव्हता, की लागत होता आणि मी ऐकला नाही, देव जाणे. वाईट वाटतंय. राग पण आलाय. कुणाचा ते लिहीत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तालमीत आज गाता गाता मागे वळून बघितलं. बायका घाबरल्या, काय चुकलं म्हणून थांबल्याच!

२२ फेब्रुवारी, रविवार

फोंड्याची गाडी दोनला सुटली. पेटी अश्विनीच्या मांडीवर. पुढे ती बसणार, मीच सर्वांना सांगितलं. सेजलने मला काळं नेसायला सांगितलंय. माझ्याकडे नाही, गडद निळी नेसलेय, चालवून घ्या म्हणावं. माझी जागा सात वाजता मांद्र्याला, सेजलच्या मागे, डावीकडून दुसरी.